तासांत मोजलेला जोडधंदा : एका शिलाई मशीनचे दहा महिने

माझी मावसबहीण, जिला मी ताई म्हणते, दिवसा ऑफिसात नोकरी करते आणि संध्याकाळी घरी कपड्यांचं अल्टरेशन करते. पँटची लांबी कमी करणं, कमर सैल-घट्ट करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवून देणं, एवढंच. नवे कपडे ती शिवत नाही. हे सुरू करून दहा महिने झाले. हिशेब लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे तिची वही पहिल्या दिवसापासून माझ्या नजरेखालून गेली आहे. तिला विचारूनच हे प्रकरण इथे मांडते आहे.

रकमा कोणत्याही चलनात देत नाही. ताईने या कामासाठी बाजूला काढलेले पैसे म्हणजे १०० भाग, असं धरू. तिच्या एका महिन्याच्या पगाराच्या ते बरोबर निम्मे होते. महिन्याला ती साधारण २०० तास नोकरी करते आणि पगार २०० भाग. म्हणजे एक भाग म्हणजे तिच्या नोकरीतल्या एका तासाची कमाई. हे माप आम्ही सोय म्हणून धरलं. पुढे सगळं प्रकरण त्याच मापाने उलगडलं.

१५० ची यादी

ताईने सुरुवातीला एक यादी केली होती. नवं मशीन ५५, ओव्हरलॉक मशीन (कापडाची कापलेली कड दोऱ्याने बांधून ती उसवू न देणारं) ५०, सगळ्या रंगांचे दोरे आणि चेनी २०, कापायला मोठं टेबल १५, पाटी आणि कार्डं १०. बेरीज १५०, हाताशी १००. वरचे ५० उसने घ्यायचे असं तिने मनाशी धरलं होतं. यादीतली एकही वस्तू चुकीची नव्हती, शिलाईच्या कामात या सगळ्या गोष्टी लागतात. पण ती चांगल्या चाललेल्या धंद्याची यादी होती, आणि ताईचा धंदा अजून सुरूच व्हायचा होता.

"पहिली वीस माणसं तुझ्याकडे कोणती कामं घेऊन येतील, ताई?"

"ते मला आत्ता कसं सांगता येईल?"

"मग ओव्हरलॉक लागेल हे कसं ठरवलंस?"

ती थोडी दुखावली. पण दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं की तीन आठवडे काहीही विकत घेणार नाही. मैत्रिणीचं मशीन तिने रविवारपुरतं मागून घेतलं आणि ओळखीच्यांची कामं केली. एकूण १४ कपडे आले. ८ पँटी लांबी कमी करायला, ३ चेनी, २ कमरा आणि एक फाटलेलं अस्तर. ओव्हरलॉकवाचून एकही काम अडलं नाही. पँटची दुमड दोनदा आत घेतली की कडा झाकून जाते, तिला ओव्हरलॉकची गरजच पडत नाही.

दुहेरी नोंदीच्या जमाखर्चाची (प्रत्येक व्यवहार दोन बाजूंना लिहायच्या पद्धतीची) मांडणी लुका पाचोली या इटालियन गणितज्ञांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून प्रसिद्ध केली. तीत व्यापाऱ्याला सांगितलेलं पहिलं काम खरेदीचं नाही. आपल्याजवळ आधीच काय काय आहे ते एकूणएक लिहून काढ, असं ते सांगतात. पाचशे वर्षांनंतरही लोक हीच पायरी गाळतात. आम्ही घरात फिरून लिहून काढलं. वाफेची इस्त्री होती, हलवता येणारा दिवा होता, आरसा होता, स्टीलची पट्टी होती आणि भिंतीला लावलेलं जुनं अभ्यासाचं टेबलही होतं. टेबलाचे १५ तिथेच वाचले.

मशीन जुनं घ्यायचं ठरलं. ताईला ते पारखता येतं, हे तिचं खरं भांडवल. आम्ही पाहायला गेलो तेव्हा तिने मोटर सुरूच केली नाही. आधी चाक हाताने सावकाश फिरवलं आणि सुई खाली जाताना कुठे घासते का ते कान देऊन ऐकलं. मग वर लाल दोरा, बॉबिनमध्ये (खालच्या दोऱ्याच्या रिळात) पांढरा दोरा घालून दुपदरी सुती कापडावर एक लांब टीप मारली आणि कापड उलटंपालटं करून पाहिलं. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त, खालच्या बाजूला लाल दिसलं तर वरचा ताण कमी. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात राहिली पाहिजे. खाली लाल दिसत होतं. तिने ताणाचं चाक थोडं फिरवलं, पुन्हा टीप मारली आणि लाल गेलं. मग म्हणाली, "मशीन चांगलं आहे, पट्टा तेवढा तडकलाय." पट्ट्याचे पैसे तिने किमतीतून कमी करून घेतले.

मशीन २८, पट्टा-सर्व्हिसिंग आणि सुया ५, कात्री-टेप-टाचण्या-खडू-सीम रिपर (टीप उसवायचं छोटं हत्यार) मिळून ११, दोरे आणि थोड्या चेनी ९, पावतीबुकं आणि वही २. एकूण ५५. दोऱ्यांत काळा, पांढरा, करडा, गडद निळा, तपकिरी, खाकी आणि जीन्सच्या टिपेसाठी तो जाड पिवळसर-नारिंगी, बस. बाकीचा रंग काम आल्यावर आणायचा. ४५ भाग वेगळ्या खात्यात ठेवले आणि त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं. हे ताईला अजिबात पटलं नव्हतं. पैसे पडून आहेत आणि आपण जुनं मशीन वापरतोय, याचा तिला त्रास व्हायचा.

यातच दोन कागदी कामं उरकली. नोकरीच्या करारात दुसऱ्या कमाईबद्दल कलम होतं, म्हणून तिने ऑफिसकडून लेखी परवानगी घेतली. घर भाड्याचं, म्हणून घरमालकांनाही विचारलं. नोंदणी आणि कराचे नियम जागेप्रमाणे बदलतात, ते आपापल्या ठिकाणी पहिल्या पावतीआधीच पाहून घ्यावेत. नंतर पाहू म्हटलं की ते काम राहूनच जातं.

दुसरा महिना

पहिल्या महिन्यात काम थोडं होतं. २५ तास गेले आणि खर्च वजा जाता १२ भाग हाती आले. दुसऱ्या महिन्यात मात्र रीघ लागली. ५८ कपडे. ताई महिन्याच्या शेवटी वही घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा फुललेला होता.

३६ पँटींचे प्रत्येकी ०.५, १२ चेनींचे ०.८ आणि १० कमरांचे ०.९ असे दर तिने लावले होते. एकूण ३६.६ भाग. चेनींचे पैसे ३, दोरा-वीज-सुया १.६. उरले ३२. "तीसेक तास लागले असतील," ती म्हणाली. म्हणजे नोकरीपेक्षा तासाला थोडे जास्तच.

"असतील" हा शब्द मला खटकला. सुदैवाने तिने त्या महिन्यात माझ्या आग्रहावरून प्रत्येक पावतीच्या मागे सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ लिहिली होती. ती कधी बेरजेत घेतली नव्हती, इतकंच. आम्ही ५८ पावत्या जमिनीवर पसरल्या आणि कामाप्रमाणे तीन ढीग केले. पँटला सरासरी अर्धा तास लागला होता. तिच्या अंदाजाने पंधरा मिनिटं लागायची, कारण तिच्या डोक्यात फक्त टीप मारायचा वेळ होता. माप घेणं, माणसाला बूट घालून उभं करून टाचण्या लावणं, दोन्ही पायांचं माप वेगवेगळं घेणं (बऱ्याच जणांचं अर्ध्या सेंटीमीटरने वेगळं निघतं), दोऱ्याचा रंग बदलणं, इस्त्री, परत देताना दोन शब्द बोलणं, हे सगळं ती मोजतच नव्हती. जीन्सच्या बाजूच्या शिवणीपाशी थरांवर थर येतात, तिथे ९०/१४ ची सुई मोडली की आणखी पाच मिनिटं जायची. तिथे १००/१६ ची सुई लागते. सुईवरचा पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत तिची जाडी, १०० म्हणजे पूर्ण एक मिलिमीटर. ताईला हे ठाऊक होतं, पण घाईत सुई बदलायचा कंटाळा केला जात होता.

पँटी १८ तास, कमरा १० तास. आणि चेनी? बारा चेनींना १५ तास. एकेका चेनीला सव्वा तास. जुनी टीप उसवायची, दातांत अडकलेले दोऱ्याचे तुकडे वेचायचे, नवी चेन टाचायची, एक बाजू वर गेली की पुन्हा उसवायचं. त्यात दोरा आणि चेनी आणायला झालेल्या खेपांचे ५ तास. एकूण ४८.

३२ भाग, ४८ तास. तासाला ०.६७. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी ऑफिसात जास्त वेळ थांबले असते तरी बरं झालं असतं."

कामागणिक पाहिलं तर चित्र आणखी वेगळं होतं. पँटीत तासाला १ भाग सुटत होता, कमरेत ०.९. चेनीत, चेनीची किंमत काढून टाकली की ०.८ मधले ०.५५ उरायचे, तेही सव्वा तासाला. तासाला ०.४४. ज्या कामाबद्दल लोक तिचं सर्वांत जास्त कौतुक करत होते, तेच काम तिला खात होतं. कमी बजेटच्या धंद्यात पैसा अपुरा आहे हे सगळ्यांनाच दिसतं. नोकरीनंतरचे तास त्याहून अपुरे आहेत हे कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून दिसत नाही. त्या महिन्यात ताई रोज साडेपाच तास झोपत होती. मान आखडायची. ऑफिसात एका तक्त्यात तिच्या हातून चूक झाली, जी तिच्याकडून एरवी होत नाही. हा खर्च कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी सापडली. ३६.६ पैकी ७ भाग अजून आलेच नव्हते. सगळी ऑफिसातली माणसं. "रोज भेटतात, मागायला कसंतरी वाटतं." मग ठरलं की कपडा परत देताना पैसे घ्यायचे आणि चेनीचे पैसे कपडा ठेवून घेतानाच. नियम पावतीवर छापील मजकुरातच घातला, म्हणजे तोंडाने मागायची वेळच येत नाही. उधारी पुढच्या महिन्यात वसूल झाली, आणि कुणी रागावलंही नाही. घरखर्चाचं पाकीट आणि कामाचं पाकीट वेगळं झालं तेही तेव्हाच.

जॅकेट

तिसऱ्या महिन्यात ती गोष्ट घडली जिच्यामुळे ४५ भागांचा वाद कायमचा मिटला.

रविवारी सकाळी ताईने सुती पँटींचा गठ्ठा इस्त्री केला. कपड्याच्या आतल्या पट्टीवर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात, जितके जास्त तितकी इस्त्री गरम. सुतीला तीन ठिपक्यांची इस्त्री चालते, साधारण २०० अंश सेल्सिअस. गठ्ठा संपला आणि तिने शेजारचं जॅकेट ओढलं. बाही आखूड करून झाली होती, फक्त अस्तर दाबायचं होतं. इस्त्री टेकवली, उचलली, आणि अस्तर तिच्याबरोबर उचललं गेलं. तळहाताएवढा भाग आधी चकचकीत झाला आणि मग आक्रसला. खोलीत आंबूस वास पसरला. आतल्या पट्टीवर स्पष्ट होतं, ॲसिटेट (उष्णतेने वितळणारं रेशमासारखं कापड), एक ठिपका. म्हणजे ११० अंशांच्या आसपास, त्यावर नाही.

तिने मला फोन केला तेव्हा रडत होती. अस्तराचा तुकडा आतून लावून टाकू का, कळणार नाही कदाचित, असं एकदा तिच्या तोंडून आलं. पण फोन ठेवायच्या आत तिनेच ते मागे घेतलं. संध्याकाळी जॅकेट घेऊन ती त्या बाईंच्या घरी गेली, जळलेली जागा दाखवली आणि म्हणाली, "माझ्या हातून हे झालंय. संपूर्ण अस्तर नवीन घालून देते, माझ्या खर्चाने. आठ दिवस द्या." अख्खं अस्तर घालणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून एका अनुभवी शिंप्याकडून करून घेतलं. ११ भाग गेले. वेगळे ठेवलेले ४५ होते, ते ३४ झाले. ओव्हरलॉक घेऊन उसने ५० डोक्यावर असते तर हे ११ कुठून आले असते, हा प्रश्न मी तिला विचारला नाही. तिने मला विचारला.

त्या दिवसापासून पावतीवर तीन रकाने वाढले. कपडा कसला, पट्टीवर ठिपके किती, आणि येतानाच असलेले डाग किंवा फाटलेलं काय. पट्टी कापलेली असेल तर आतल्या शिवणीच्या कडेवर सगळ्यात कमी तापमानाला आधी तपासायचं. इस्त्री कमी तापमानाकडून जास्तीकडे, उलट कधीही नाही. नवी सुती पँट असेल तर एकदा धुऊन आणायला सांगायचं, नाहीतर आज बरोबर बसलेली लांबी पहिल्या धुण्यात आखडते आणि दोष शिवणाऱ्यावर येतो.

दर

चौथ्या महिन्यापासून नवे दर लागले. पँट ०.६, कमर १.१, आणि चेन थेट ०.८ वरून १.६, शिवाय चेनीची किंमत वेगळी. ताई कचरत होती. "लोक म्हणतील, दोन महिन्यांत डोक्यात हवा गेली." एकाने तसं तोंडावर म्हटलंही. तिने शांतपणे सांगितलं की या कामाला सव्वा तास लागतो. तो माणूस परत आला नाही.

कामाची रीतही बदलली. कपडा येईल तसा हाती घ्यायचा नाही. मंगळवारी सगळं काळ्या दोऱ्याचं, गुरुवारी निळ्या-करड्याचं, जीन्स एकदम रविवारी जाड सुई लावून. दोरा ओवणं, बॉबिन भरणं, इस्त्री तापवणं एकदाच होऊ लागलं आणि पँटचा अर्धा तास २४ मिनिटांवर आला. खरेदीची खेप महिन्यातून दोनदाच.

महिनाअखेर ४४ पँटी, ८ कमरा, ५ चेनी. म्हणजे ५७ कपडे, दुसऱ्या महिन्यापेक्षा एकच कमी. जमा ४३.२, खर्च २.२, उरले ४१. तास ४८ नव्हेत, साधारण साडेचौतीस. तासाला १.१९. बुधवार आणि शुक्रवार मशीन बंद राहू लागलं.

मला हे आकडे आनंदाने लिहावेसे वाटतात. ताईने यात कुठलीही युक्ती केली नाही. तिने फक्त पावतीच्या मागे वेळ लिहिली आणि ती वाचायचं धैर्य दाखवलं.

पुन्हा ओव्हरलॉक

सातव्या महिन्यात जुनं ओव्हरलॉक ३० भागांत मिळत होतं, तेही हप्त्यांवर. विकणारा म्हणाला, मशीन आपला हप्ता आपणच फेडतं. हे बोलणं फार जुनं आहे. सिंगर कंपनीने १८५० च्या दशकातच शिलाई मशीन हप्त्यांवर विकायला सुरुवात केली होती, कारण ज्यांना मशीन हवं होतं त्यांच्या हाती एकरकमी पैसे नसायचे. विचार खोटाही नाही. पण मशीनपुढे पहिल्या दिवसापासून काम पडलेलं असेल तरच तो खरा ठरतो.

ते काम आहे का हे आम्हाला कळलं, कारण वहीच्या मागच्या पानावर ताई काम न घेता परत पाठवलेले कपडे लिहीत होती. तीन महिन्यांत १९, बहुतेक ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडाचे. महिन्याला सहा कपडे, प्रत्येकी ०.८ धरले तर सहासात महिन्यांत मशीन फिटलं असतं. ताईने घेण्याची तयारी केली. मग एका रात्री तिने घरातल्या जुन्या टी-शर्टवर स्ट्रेच सुई आणि बारीक झिगझॅग टीप घालून पाहिली, आणि कापड दोन्ही हातांनी ताणलं. टीप तुटली नाही. त्या १९ पैकी ११ कपडे याच मशीनवर होण्यासारखे होते. उरले ८, म्हणजे महिन्याला तीनही नाहीत. तेवढ्या कामावर ३० भाग फिटायला चौदा महिने लागले असते. सौदा सोडला. मागचं पान अजून चालू आहे. महिन्याला सहासात कपडे पुन्हा परत जायला लागले की ती घेईल.

एका गोष्टीवर आमचं आजही एकमत नाही. ताई म्हणते, तीन महिन्यांतच पैसे वसूल झाले. जमा ७२, गेले ५५ आणि जॅकेटचे ११. रोकडीने पाहिलं तर ते खरं आहे. मी म्हणते, त्या तीन महिन्यांत तुझे ११३ तास गेले, त्यांची मजुरी धर. तशी धरली तर तूट १०७ ची निघते, आणि चौथ्या महिन्यापासून मजुरी वजा जाता महिन्याला साडेसहाच सुटतात. मग भरपाईला साधारण साडेसोळा महिने लागतील. ती म्हणते, "ते तास मला दुसरं कुणी विकत घेणार होतं का?" हे मला खोडता येत नाही. पण साडेपाच तासांची झोप आणि आखडलेली मान मी पाहिली आहे, म्हणून माझा रकाना मी पुसत नाही. दोन्ही हिशेब वहीत शेजारी शेजारी आहेत. नोकरी सोडण्याचा विचार तिने सध्या बाजूला ठेवला आहे, तो या दुसऱ्या रकान्याकडे पाहूनच.

परवा ती दहाव्या महिन्याची वही घेऊन आली आणि तिने चेनीच्या ओळीवर बोट ठेवलं. महिन्याला पाचच चेनी येत होत्या, पण घाई नव्हती. म्हणून तिने उसवण्याआधी दोन्ही बाजूंना खडूने समोरासमोर खुणा करायला सुरुवात केली होती, टाचण्यांऐवजी कच्चा दोरा घालत होती आणि चेनीचा अरुंद पाय (मशीनमध्ये कापड दाबून धरणारा भाग) लावल्याशिवाय मशीनला हात लावत नव्हती. पुन्हा उसवणं जवळजवळ थांबलं होतं. सव्वा तासाचं काम ५५ मिनिटांवर आलं होतं. १.६ भाग, ५५ मिनिटं. तासाला पावणेदोन. पँटपेक्षा जास्त, कमरेपेक्षा जास्त, तिच्या नोकरीपेक्षाही जास्त.

"आता चेनी घेऊ का गं जास्त?" तिने विचारलं. उत्तर देण्याआधीच ती दुसऱ्या महिन्याच्या पावत्या चाळून त्या बारा जणांचे नंबर वेगळे काढायला लागली होती.